निजणारा आणि निजविणारा

पणजीला मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाच्या शेजारी आबे फारिया ह्यांचा पुतळा आहे. पायघोळ झग्यातील धर्मगुरूंनी दोन्ही हात पसरले आहेत आणि त्यांच्यासमोर एक स्त्री भान हरपून कलंडली आहे. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत ह्यांची ही कृती १९४५ साली उभारण्यात आली. पाहणाऱ्याला सहज वाटते, की त्या हातांतून काही गूढ शक्ती बाहेर पडत असावी. परंतु अशी कोणतीही शक्ती हातांतून निघत नाही, हे सांगण्यातच ह्या गोमंतकीय धर्मगुरूंनी आपले उत्तरायुष्य वेचले.

जुझे कुस्तोदियु द फारिया ह्यांचा जन्म १७५६ साली बार्देशातील कांदोळी गावी झाला. आईवडिलांचे पटले नाही. ख्रिस्तसभेच्या अनुमतीने ते विभक्त झाले; वडिलांनी गुरुदीक्षा घेतली आणि आई जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात व्रतस्थ झाली. १७७१ साली वडील मुलाला घेऊन लिस्बनला गेले. तेथून रोमला जाऊन त्याने ईशज्ञानाचे अध्ययन केले आणि १७८० साली तो धर्मगुरू झाला.

ह्या काळातील एक आख्यायिका गोव्यात अजून सांगितली जाते. लिस्बनच्या राजदरबारातील मंडळींपुढे प्रवचनाला उभे राहताच तरुण फारियांची वाचाच बसली. तेव्हा वडील खालून कोकणीत पुटपुटले, “ही सगळी भाजी, कातर रे भाजी!” ते शब्द कानी पडताच भीती पळाली आणि प्रवचन ओघाने सुरू झाले. एका शब्दाने मन असे बांधले वा सोडले जाते, ह्याचे नवल त्यांना पुढे जन्मभर वाटत राहिले असेल, तर त्यात आश्चर्य नाही.

१७८७ साली गोव्यात पिंटोंचे बंड उघडकीस आले. लिस्बनमध्ये पितापुत्रांकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले आणि फारियांनी पॅरिस गाठले. त्या शहरात मेस्मर ह्या वैद्याच्या ‘प्राणिज चुंबकत्वा’ने पूर्वीच खळबळ माजविली होती. शरीरातून एक अदृश्य द्रव वाहतो व त्याच्या योगे रोगी बरे होतात, असे मेस्मरचे म्हणणे. १७८४ साली राजाने नेमलेल्या समितीने, जिच्यात फ्रँकलिन आणि लाव्हाझिए होते, असा द्रव नाहीच, हा सारा कल्पनेचा परिणाम आहे, असा निर्वाळा दिला. त्याच वर्षी पुइसेगूर ह्या सरदाराला एक निराळी झोप आढळली. तीत माणूस डोळे मिटून बोलत होता, प्रश्नांना उत्तरे देत होता. पुइसेगूरने तिचे श्रेय निजविणाऱ्याच्या इच्छाशक्तीला दिले.

फारियांनी हेही नाकारले. १८१३ सालापासून पॅरिसच्या क्लिशी रस्त्यावर दर गुरुवारी ते जाहीर प्रयोग करू लागले. व्यक्तीला आरामखुर्चीत बसवून डोळे मिटायला व मन एकाग्र करायला ते सांगत आणि मग शांत, ठाम स्वरात म्हणत, “झोपा!” काही जण लगेच झोपत, पुष्कळांवर काहीच परिणाम होत नसे. ह्या भेदावरूनच त्यांनी निष्कर्ष काढला, की किल्ली निजणाऱ्याच्या हाती आहे. शक्ती निजविणाऱ्याची असती, तर सारेच झोपले असते. ह्या अवस्थेला त्यांनी ‘सजग निद्रा’ म्हटले.

स्वतःकडे शक्ती नाही असे सांगणाऱ्या माणसाभोवती गर्दी फार काळ टिकत नाही. एका नटाने झोपेचे सोंग घेऊन भर सभेत त्यांची फजिती केली. १८१६ साली रंगभूमीवर त्यांची टर उडविणारे प्रहसन आले. काही धर्मनिष्ठांना ह्यात सैतानाचा हात दिसला. फारिया मात्र ही निसर्गदत्त अवस्था आहे ह्या मतावर ठाम राहिले. त्यांचे सारेच बरोबर होते असे नाही. रक्त पातळ असलेल्यांना ही झोप लवकर लागते, हे त्यांचे अनुमान पुढे टिकले नाही. २० सप्टेंबर १८१९ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचा ग्रंथही त्याच वर्षीचा. मोंमार्त्रमधील त्यांच्या कबरीवर नावाचा दगडही नाही.

ब्रेड ह्या ब्रिटिश शल्यवैद्याने १८४३ साली ‘हिप्नॉटिझम’ हा शब्द रूढ केला. नान्सी येथील लिएबो व बेर्नहाइम ह्यांनी सूचनेचे महत्त्व प्रस्थापित केले आणि १८८९ साली तरुण फ्रॉइड ते पाहण्यासाठी तेथे गेला. गोमंतकीय डॉक्टर दाल्गादो ह्यांनी १९०६ साली फारियांचे चरित्र लिहून त्यांचा मान त्यांना परत मिळवून दिला. ही अवस्था नेहमीच्या झोपेहून वेगळी आहे आणि तिचा अनुभव घेण्याची क्षमता माणसागणिक कमीअधिक असते, हे आज मानसशास्त्राला मान्य आहे.

आपणही कितीदा एखाद्याच्या हातात गुण आहे असे मानून त्याच्यापुढे बसतो आणि बरे वाटले की सारे श्रेय त्यालाच देऊन घरी येतो! ते श्रेय नाकारणारा हात विरळाच. पुढच्या खेपेला पणजीला गेलात, तर त्या पसरलेल्या हातांकडे जरूर पाहा. पण त्या निजलेल्या स्त्रीकडे थोडे अधिक वेळ पाहा. फादर फारियांना जे सांगायचे होते, ते तिच्या मिटलेल्या डोळ्यांआड आहे.