मेंढीचे प्रथिनपोषण : मूत्र व रक्त यांवरून अनुमान

चाऱ्यातील प्रथिन मेंढीच्या अंगी किती लागले, हे तिच्या मूत्रातील व रक्तातील घटकांवरून ताडण्याची पद्धत. गोठ्यातील मेंढीपुढची वैरण तोलता येते. धुळे-नंदुरबारकडील ठेलारी किंवा पश्चिम महाराष्ट्रातील धनगर यांच्या फिरत्या कळपाने दिवसभरात काय खुडले, ते तोलता येत नाही. म्हणून पद्धतीची खरी गरज अशा कळपांना. पण तिचा सोपा भाग, रक्तातील यूरिया, नेमका तिथेच फसवतो.

कोटीपोटात, म्हणजे जठराच्या पहिल्या कप्प्यात, प्रथिन कुजून अमोनिया होतो. तिथल्या सूक्ष्मजीवांनी न वापरलेला अमोनिया रक्तात शिरतो आणि यकृत त्याचा यूरिया करते. यूरिया वाढला म्हणजे प्रथिन मुबलक, हा अर्थ मात्र घाईचा आहे. ऊर्जा कमी पडली तरी तो वाढतो. उपाशी मेंढीचे स्नायू झिजू लागले किंवा तिला पाणी कमी मिळाले तरी वाढतो. उलट बाभळीच्या शेंगांतील टॅनिन प्रथिनाला बांधून ठेवते, म्हणून खाण्यात प्रथिन असूनही यूरिया कमी दिसू शकतो. थोडक्यात, यूरिया वाया गेलेल्या नायट्रोजनाविषयी अधिक सांगतो.

अंगी लागलेल्याचा माग मूत्रातील अलँटॉइन, यूरिक आम्ल, झँथिन व हायपोझँथिन यांतून लागतो. कोटीपोटातले सूक्ष्मजीव पुढे लहान आतड्यात पचतात, त्यांच्या न्यूक्लिइक आम्लांतील प्युरीनांचे हे अवशेष. स्कॉटलंडमधील रोवेट संशोधन संस्थेतील चेन व गोम्स यांनी 1992 मध्ये मांडलेल्या हिशोबानुसार शोषलेल्या प्युरीनांपैकी सुमारे 84 टक्के मूत्रात उतरतात. शोषण 10 मिलिमोल असेल, तर सूक्ष्मजीवांचे प्रथिन सुमारे 45 ग्रॅम भरते. सूक्ष्मजीवांतील प्युरीन व नायट्रोजन यांचे प्रमाण ठरीव धरल्याचा आक्षेप रास्त आहे. त्यामुळे हा आकडा निरपेक्ष मानण्यापेक्षा दोन चाऱ्यांच्या किंवा दोन हंगामांच्या तुलनेस वापरावा. कोटीपोटात न कुजता पुढे गेलेले प्रथिन तर या मोजणीत येतच नाही. दुसरा आक्षेप व्यवहाराचा : चोवीस तासांचे मूत्र फिरत्या मेंढीचे गोळा कसे करणार? त्यावर क्रिएटिनिनचा आधार घेतात. ते स्नायूंच्या प्रमाणात, बरेचसे स्थिर गतीने बाहेर पडते. म्हणून एकाच नमुन्यातील प्युरीन-अवशेषांशी त्याचे गुणोत्तर काढतात. खंगलेल्या मेंढीत मात्र हा आधारही डळमळतो.

रक्तातील अल्ब्युमिन : सावकाश बदलते; दीर्घकाळच्या कमतरतेपुरते उपयोगी.

मोलगी (ता. अक्कलकुवा) व सातपुड्यातील इतर डोंगरगावांत शेळीपालन महत्त्वाचे; पण मेंढीचा हा हिशोब शेळीला जसाच्या तसा लावू नये.