विजयदुर्गाचे ग्रहण, बारामतीचा तरुण आणि सिलिकॉनची चकती

१/ देवगड तालुक्यातील विजयदुर्गावर दरवर्षी १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो. १८६८ साली याच दिवशी झालेले खग्रास सूर्यग्रहण नॉर्मन लॉकियर यांनी या किल्ल्यावरून पाहिले आणि हेलियमचा शोध लावला, असे तेथे सांगितले जाते. ही कथा लोकप्रिय आहे; इतिहास थोडा निराळा आहे.

२/ ग्रहणाची गडद छाया त्या दिवशी कोकणावरून पुढे सरकली, हे खरे. जमखंडीस लेफ्टनंट जॉन हर्शेल आणि गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन वर्णपटदर्शक रोखून बसले होते. लॉकियर मात्र इंग्लंडमध्ये होते. त्यांनी २० ऑक्टोबर १८६८ रोजी ग्रहणाविनाच सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट टिपला.

३/ त्या वर्णपटातील पिवळी रेघ सोडियमची नव्हती. तिच्यावरून नव्या मूलद्रव्याची कल्पना मांडली गेली. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्यास ‘हेलियम’ म्हटले गेले. पृथ्वीवर तो वायू १८९५ साली रॅमसे यांच्या हाती आला. छाया भारताच्या भूमीवर पडली, पण उपकरणे युरोपातली होती आणि निरीक्षणांचा अर्थही तिकडेच लागला.

४/ शतकभराने प्रकाशाच्याच आणखी एका शोधात महाराष्ट्राचे नाव येते. चंद्रकुमार पटेल यांचा जन्म १९३८ साली बारामतीचा. १९५८ मध्ये पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी, मग स्टॅनफर्डची डॉक्टरेट आणि १९६१ पासून अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत संशोधकाचे पद. १९६४ मध्ये, वयाच्या पंचविशीच्या आसपास, त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेसर सिद्ध केला.

५/ या लेसरमध्ये पुढे नायट्रोजन व हेलियम मिसळले गेले आणि त्याची शक्ती कितीतरी वाढली. हेलियम नळीतील उष्णता वाहून नेतो. ज्याची पहिली खूण सूर्याच्या कडेवर दिसली, तो वायू आता पोलाद कापणाऱ्या यंत्रात काम करू लागला.

६/ सिलिकॉनपुढे मात्र हा लेसर अडतो. त्याचा प्रकाश सुमारे १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीचा; शुद्ध सिलिकॉनची पातळ चकती त्यातला बराचसा आरपार जाऊ देते. इतर लेसरांचे लांब स्पंद शोषले जातात, पण उष्णता आजूबाजूस पसरते, कडा वितळतात, तडे जातात. संगणकाची चिप ज्या पदार्थावर घडते, त्याला ही इजा परवडत नाही.

७/ उपाय वेळेत सापडला. एका सेकंदाचे दहा लाख अब्ज भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे फेम्टोसेकंद. शंभर फेम्टोसेकंदांत प्रकाश जेमतेम ३० मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी अंतर कापतो. एवढ्या आखूड स्पंदाची ऊर्जा आधी इलेक्ट्रॉन घेतात. अणूंच्या जाळीत उष्णता पसरण्यापूर्वीच स्पंद संपलेला असतो.

८/ १९८३ मध्ये बेल प्रयोगशाळेतील शँक व सहकाऱ्यांनी अशा स्पंदांनी सिलिकॉन वितळताना पाहिले. १९८५ मध्ये स्ट्रिकलंड व मुरू यांनी आखूड स्पंद प्रबळ करण्याची रीत दिली. तिला २०१८ चे नोबेल मिळाले. १९९८ मध्ये हार्वर्डच्या मेझर गटाने सल्फर हेक्झाफ्लोराइड वायूत सिलिकॉनवर असे स्पंद सोडले. पृष्ठभागावर सूक्ष्म सुळके उभे राहिले आणि चकती काळी पडली. हे ‘काळे सिलिकॉन’ प्रकाश फार कमी परत पाठवते.

९/ पटेल तिकडेच राहिले. दिलीप भवाळकर परतले. सागर येथे जन्मलेल्या भवाळकरांनी साउदम्प्टनहून डॉक्टरेट घेतली आणि १९६७ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्रात रुजू होऊन येथे लेसर बांधणारी फळी उभी केली. इंदूरच्या प्रगत तंत्रज्ञान केंद्राचे, म्हणजे आजच्या राजा रामण्णा केंद्राचे, ते संस्थापक संचालक.

१०/ मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जी. रवींद्र कुमार यांच्या गटाने घन पदार्थांवर फेम्टोसेकंद स्पंद सोडून त्यांची वर्तणूक तपासली. अशा प्रयोगशाळेतील संशोधकाचे पद म्हणजे रोजची चिकाटी: स्पंदाची लांबी, ऊर्जा, भोवतालचा वायू यांत एकेक बदल करायचा आणि पडलेला खळगा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचा.

११/ म्हणून विजयदुर्गाचा अभिमान सोडण्याचे कारण नाही. त्याला नेमकेपणा हवा. १८६८ साली ग्रहण येथून दिसले, पण त्याचा अर्थ लावणारे पद, उपकरण आणि प्रयोगशाळा येथे नव्हती. आज देवगडच्या विद्यार्थ्याला सिलिकॉनवर संशोधन करायचे तर मुंबई किंवा इंदूर गाठता येते. पटेलांना त्यासाठी समुद्र ओलांडावा लागला होता.