बाहुली, बॅटरी आणि स्कॅन

न्यायशास्त्रातला दृष्टान्त आपल्याला ठाऊक आहे : डोंगरावर धूर दिसला, की तिथे अग्नी असणार. धूर हे प्रत्यक्ष, अग्नी हे अनुमान. डोळ्याच्या मज्जातंतूंच्या आजारांचा इतिहास या दोन प्रमाणांभोवतीच फिरतो, असं आम्हाला वाटतं.

डोळ्यातली बाहुली उजेडात आकसते. १८६९ साली एडिंबरोच्या अर्गाइल रॉबर्टसन यांनी नोंदवलं, की काही रुग्णांची बाहुली जवळचं बघताना आकसते, पण उजेडाला दाद देत नाही. पुढे कळलं, हे मज्जासंस्थेत शिरलेल्या गरमीचं, म्हणजे सिफिलिसचं लक्षण. कवटी न उघडता आतली आग कळली ती अशी, धुरावरून.

दुसरं उदाहरण जास्त निकडीचं. डोळा हलवणाऱ्या तिसऱ्या मज्जातंतूत बाहुली आकसवणारे धागे वरच्या थरात असतात. शेजारच्या रक्तवाहिनीला फुगा आला, की दाब आधी त्यांच्यावर येतो. पापणी पडते, डोळा बाहेर वळतो, बाहुली मोठी होते. मधुमेहात मज्जातंतूचा आतला भाग मार खातो, म्हणून बाहुली बहुधा शाबूत राहते. पण 'बहुधा'वर भागत नाही. फुगा फुटला तर जीव जाऊ शकतो.

म्हणून माणसाला अग्नीच बघायचा होता. १९२७ साली लिस्बनला एगास मोनिझ यांनी मानेतल्या धमनीत औषध सोडून मेंदूच्या रक्तवाहिन्या क्ष-किरणांनी दाखवल्या. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये हाउन्सफिल्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. मग एमआरआय आला. २०२१ साली काळ्या बुरशीने विदर्भात माणसांचे डोळे थिजले, तेव्हा बुरशी नाकाच्या पोकळीतून मेंदूकडे किती सरकली, हे एमआरआयवरच दिसत होतं.

मग बॅटरी टाकून द्यायची का? नाही. स्कॅनसुद्धा वाचावा लागतो, आणि कुठे पाहायचं ते आधी तपासणारा डॉक्टरच सांगतो. मोठी यंत्रं नागपूरला असतील, पण धूर इथे लाखनीतच दिसणार. अचानक पापणी पडली, एकाचे दोन दिसू लागले, एक बाहुली मोठी झाली, तर 'नंबर वाढला असेल' म्हणत आठवडा घालवू नये. त्याच दिवशी निघावं.

धूर ओळखणारा माणूस गावात असेल, तरच नागपूरचं यंत्र कामाचं. आपण इथे थांबू.