बसाल्ट, ग्रॅनाइट आणि कोकस

गंगापूर तालुक्यातून गोदावरीच्या काठाने पूर्वेकडे निघाले, की पैठण ओलांडून नांदेडपर्यंत पायाखाली बहुतांशी एकच खडक असतो : काळा बसाल्ट. पुढे देगलूरच्या बाजूला ग्रॅनाइटचा मुलूख लागतो. दोन्ही खडक अग्निजन्यच. परंतु बसाल्ट हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठावर थरांवर थर पसरलेल्या लाव्हाचा. तो लवकर निवला, म्हणून त्याचे कण बारीक. ग्रॅनाइट त्याहून कितीतरी जुना. तो भूगर्भात सावकाश निवला, म्हणून त्याचे स्फटिक नुसत्या डोळ्यांना दिसतात. आम्हा साहित्याच्या अध्यापकांना मात्र दोहोंसाठी ‘पाषाण’ हा एकच शब्द पुरतो, आणि पाषाण म्हणजे जडता हे ठरलेले समीकरणही.

या समीकरणामुळे काय निसटते, ते वेरूळला कळते. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण (इ. स. ७५६ ते ७७३) याच्या काळातील कैलास लेणे बांधलेल्या मंदिरासारखे दिसते, वस्तुतः ते एकसंध बसाल्टमधून कोरलेले आहे. डोंगरउतारात तीन बाजूंनी चर खणून मधला खडक सुटा केला आणि कळसाकडून पायाकडे काम उतरवत नेले. हंपीच्या विठ्ठल मंदिरातील दगडी रथाची गोष्ट नेमकी उलटी. तो एकाच शिळेचा भासतो. प्रत्यक्षात ग्रॅनाइटचे अनेक तुकडे सांधे लपवून जोडलेले आहेत. हंपीच्या शिळांवर पाचरींसाठी पाडलेल्या छिद्रांच्या रांगा आजही दिसतात. खडक शिल्प ठरवत नाही. परंतु तो काही वाटा सुचवतो, काही अडवतो. त्या वाटा ओळखणे हे पाथरवटाचे ज्ञान होय.

या ज्ञानाची नोंद कोणी ठेवली? इ. स. ८१२-१३ च्या बडोदे ताम्रपटात कृष्णाच्या या मंदिराची स्तुती आहे. हे आपल्या हातून कसे घडले, असे खुद्द शिल्पकारालाच नवल वाटल्याचे तो सांगतो. परंतु त्या शिल्पकाराचे नाव देत नाही. नाव येते ते कित्येक शतकांनंतर, कृष्ण याज्ञवल्कीच्या ‘कथाकल्पतरू’ या मराठी ग्रंथात. कळस दिसेपर्यंत अन्न न घेण्याचे व्रत राणीने धरले, तेव्हा पैठणच्या कोकसाने आधी कळसच घडवला, अशी ती कथा.

कोकस हीच ऐतिहासिक व्यक्ती, असे आम्ही म्हणणार नाही. कथेला पुराव्याचे वजन देता येत नाही. तथापि राजाच्या ताम्रपटातून जे गळाले, ते कथेने राखले आहे : कारागिराला नाव, आणि काम वरून खाली गेले ही तांत्रिक वस्तुस्थिती. व्रताची चौकट काढली, तर उरते ते खडक वाचता येणाऱ्या माणसाचे स्मरण. पाषाणाला जड म्हणून सोडून देणारी समीक्षा त्या माणसालाही सोडून देते. वर्गात कैलासाविषयी बोलताना राजाच्या नावाआधी दगडाचे नाव सांगावे, असे आम्हाला वाटते.