ल्वारकाठची सायकल आणि पंधरा दिवसांची रजा

"यंदा सुट्टीला कुठे?" बाबांनी फोनवर विचारलं.

"फ्रान्सला. ल्वार नदीच्या काठाने, सायकलवर."

पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाले, "अरे, सायकल सुटावी म्हणून मी बत्तीस वर्षं नोकरी केली. आणि तू पैसे मोजून सायकल चालवायला निघालास?"

बाबा पुण्यातून पिंपरीच्या कारखान्यात सायकलने जायचे. पहिली पाळी असली की पहाटे अंधारात निघायचे. हँडलला डब्याची पिशवी, पावसाळ्यात अंगावर रेनकोट. पुणं 'सायकलींचं शहर' म्हणून ओळखलं जायचं, त्याचं आपल्याला आज कौतुक वाटतं. पण त्या सायकली चालवणाऱ्यांना दुसरा इलाज नव्हता, हेही खरंच. त्यांच्या प्रश्नाला मी तेव्हा हसून वेळ मारून नेली. पुढे ऑर्लेआँपासून सोम्यूरपर्यंत सुमारे दोनशे किलोमीटर आम्ही चौघांनी रमतगमत पाच दिवसांत कापले, तेव्हा कळलं की उत्तर त्या रस्त्यातच होतं. ते जरा सविस्तर सांगतो.

ल्वार ही फ्रान्समधली सर्वांत लांब नदी, हजार किलोमीटरहून थोडी अधिक. दक्षिणेकडच्या डोंगरांत उगम पावते, उत्तरेला ऑर्लेआँपर्यंत चढत जाते आणि तिथे वळून पश्चिमेला अटलांटिककडे निघते. तिच्या खोऱ्याचा सुमारे २८० किलोमीटरचा पट्टा २००० साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. बहुतेक लोक इथे येतात ते राजवाडे पाहायला. पहिल्या फ्रान्स्वा राजाने १५१९ मध्ये बांधायला काढलेला शांबोर, किंवा लिओनार्दो दा विंचीने आयुष्याची शेवटची तीन वर्षं जिथे काढली ते आंब्वाझ. आम्हीही पाहिले. पण सायकलवरून जाताना वाड्यांपेक्षा जास्त वेळ सोबत असते ती चाकाखालची वाट, आणि ही वाट बऱ्याच ठिकाणी नदीच्या जुन्या बांधावरून जाते.

या बांधांची गोष्ट आठशे वर्षांहून जुनी आहे. बाराव्या शतकात आंजूचा हा मुलूख इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याच्याकडे होता. पुरापासून शेती वाचावी म्हणून त्याने बांध घालायला लावले. बांधावर राहून त्याची डागडुजी करणाऱ्या कुटुंबांना लष्करी चाकरी माफ केली. पुढच्या राजांनी बांध वाढवले, उंच केले. पण नदीला दोन्ही बाजूंनी आवळलं की पूर आल्यावर पाणी अधिकच चढतं. मग बांध आणखी उंच करायचा, आणि पाणी आणखी चढायचं! १८४६, १८५६ आणि १८६६ अशा वीस वर्षांत तीन महापुरांनी हे बांध जागोजागी फोडले. काठावरच्या गावांत भिंतींवर या सालांच्या खुणा कोरलेल्या दिसतात. पानशेतच्या पुरात पाणी कुठवर आलं होतं हे पुण्यात जुनी माणसं जशी हात वर करून दाखवतात, तशाच. धाकट्याला १८५६ च्या खुणेखाली उभं केलं, तर खूण त्याच्या डोक्याच्या बरीच वर!

रेल्वे येण्यापूर्वी ही नदी म्हणजे वाहता हमरस्ता होता. सपाट तळाच्या, चौकोनी शिडाच्या होड्या समुद्राकडून वर येताना पश्चिमेच्या वाऱ्यावर यायच्या आणि परत जाताना प्रवाहाबरोबर जायच्या. मीठ, दारूची पिंपं, आंजेची स्लेट, असा सगळा माल यातूनच जायचा. ऑर्लेआँला पोचेपर्यंत काही पिंपांतली वाइन आंबून जायची. ती फेकायची कशाला? तिचं व्हिनेगर करा! ऑर्लेआँचं व्हिनेगर प्रसिद्ध झालं ते असं.

याच नदीच्या मुखाजवळ नांत हे बंदर आहे, आणि तिथे आपला भारत अचानक समोर येतो. सोम्यूरहून आम्ही रेल्वेने नांतला गेलो होतो. फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीने १६६० च्या दशकात सुरतेला वखार घातली. तिथून आणि नंतर पाँडिचेरीहून आलेल्या रंगीत छापील सुती कापडाने फ्रान्सला असं वेड लावलं, की देशी विणकरांना वाचवण्यासाठी सरकारने १६८६ मध्ये त्यावर बंदी घातली. बंदी १७५९ पर्यंत टिकली. त्या कापडाचं फ्रेंच नावच 'इंदिएन'. बंदी उठल्यावर नांतमध्येच तसं कापड छापायचे कारखाने निघाले. हे ऐकून छाती फुगायला लागते, तोवर पुढची माहिती मिळते. हे कापड जहाजांत भरून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर न्यायचे आणि त्याच्या बदल्यात माणसं विकत घ्यायचे. गुलामांच्या व्यापारात नांत हे फ्रान्समधलं सर्वांत मोठं बंदर होतं. गुलामांच्या कष्टांवर पिकलेली साखर मग याच नदीतून वर ऑर्लेआँला शुद्धीकरणासाठी जायची. नांतने २०१२ मध्ये नदीकाठी या पापाचं स्मारक उभारलं. फरसबंदीत सुमारे २००० काचेच्या पट्ट्या बसवल्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांवर एकेका गुलामवाहू जहाजाचं नाव आणि साल आहे. आम्ही सायकली हातात धरून तिथून चालत गेलो. मुलं एरवी बडबड करतात, इथे नावं वाचत राहिली.

पॅरिसहून रेल्वे १८४३ मध्ये ऑर्लेआँला पोचली, १८४६ मध्ये तूरला आणि १८५१ मध्ये नांतला. त्याआधी नदीत आगबोटी सुरू झाल्या होत्या. बॉयलर फुटून माणसं मेल्यावर एका कंपनीने आपल्या बोटींचं नावच 'न फुटणाऱ्या' असं ठेवलं! पण रेल्वेपुढे त्यांचाही टिकाव लागला नाही. काही वर्षांतच हा हजारो होड्यांचा रस्ता सुनसान झाला.

मग आली सायकल. सुरुवातीला ती हौशी पैसेवाल्यांची होती. १८९० मध्ये त्यांनी 'तूरिंग क्लब द फ्रान्स' स्थापन केला. रस्त्यांवर दिशादर्शक पाट्या लावणं, चांगल्या खाणावळींच्या याद्या करणं, हॉटेलांनी खोल्या आणि संडास स्वच्छ ठेवावेत म्हणून त्यांच्या मागे लागणं, ही त्यांची कामं. आज आपण ज्या सोयी गृहीत धरतो त्यांतल्या कित्येक सायकलवाल्यांच्या तक्रारींमधून आल्या आहेत. सरकारनेही १८९३ मध्ये सायकलवर कर बसवला आणि पुढे कर भरल्याचा धातूचा बिल्ला सायकलला लावायची सक्ती केली. बिल्ला म्हटल्यावर पुणेकरांना आणखी काही सांगायला नको.

ल्वारच्याच वरच्या अंगाला सेंत-एत्येन हे कारखान्यांचं गाव आहे. तिथे पोल द विवी नावाचा गृहस्थ होता. 'व्हेलोसिओ' या टोपणनावाने तो मासिकात लिहायचा. शर्यतींपेक्षा सायकलवर देश पाहावा, चढावर गिअर वापरायला लाजू नये, हे त्याने आयुष्यभर सांगितलं. शर्यतवाल्यांना गिअर म्हणजे म्हातारपणाची काठी वाटायची. १९०३ च्या पहिल्या 'तूर द फ्रान्स'चा शेवटचा टप्पा नांत ते पॅरिस असा होता. हाच ल्वारकाठ धरून ४७१ किलोमीटर, आणि तेही गिअरशिवाय! विजेत्या मॉरिस गारँला अठरा तासांच्या वर लागले. आमचा सगळ्यांत मोठा दिवस ४८ किलोमीटरचा होता आणि त्यात तीनदा आइस्क्रीम झालं, हे इथे प्रामाणिकपणे नमूद करतो.

सायकली हळूहळू स्वस्त झाल्या. पहिल्या महायुद्धापर्यंत फ्रान्समध्ये त्यांची संख्या सुमारे ३५ लाखांवर गेली. पण आता त्या कामगाराच्या होत्या. घर ते कारखाना, कारखाना ते घर. म्हणजे नेमकी बाबांचीच गोष्ट. सायकल होती, नदी होती, रस्ताही होता. नव्हती ती फक्त रजा. सरकारी नोकर आणि काही कचेऱ्यांतले लोक सोडले, तर कामावर नाही गेलं की त्या दिवसाचा पगार बुडाला.

हे बदललं १९३६ मध्ये. मे महिन्यात डाव्या पक्षांची 'पॉप्युलर फ्रंट' आघाडी निवडून आली आणि देशभर सुमारे वीस लाख कामगार संपावर गेले. कारखाने बंद पाडून ते आतच राहिले. अकॉर्डियन वाजवत, नाचत. २० जूनच्या कायद्याने वर्षभर काम केलेल्या प्रत्येक कामगाराला पंधरा दिवसांची भरपगारी रजा मिळाली. ही रजा कशी घालवायची हे लोकांना सुचावं, परवडावं, म्हणून लेओ लाग्रांज या ३५ वर्षांच्या उपमंत्र्याकडे क्रीडा आणि विरंगुळ्याचं खातं दिलं. विरोधकांनी त्याला 'आळसखातं' म्हणून हिणवलं. त्याने रेल्वेकडून कामगारांसाठी चाळीस टक्के सवलतीचं तिकीट मिळवलं आणि त्या पहिल्याच उन्हाळ्यात सुमारे सहा लाख लोकांनी ते काढलं. ज्यांना तेही परवडत नव्हतं ते सायकलवर निघाले. दोघांच्या टँडेमवर नवरा-बायको, मागे तंबू, असे त्या वर्षीचे फोटो फ्रान्समध्ये आजही लोकांच्या डोळ्यांसमोर असतात. अर्थात सगळेच कुठे फिरायला गेले नाहीत. बरेचसे खेड्यावर आईवडिलांकडे गेले. आपण मे महिन्यात गावी जायचो तसेच.

हे सुख चारच उन्हाळे टिकलं. जून १९४० मध्ये जर्मन फौजांपुढे पळणाऱ्या लाखो माणसांनी याच सायकलींवर गाद्या आणि पोरं लादून ल्वारचे पूल गाठले. मंत्री राहिलेला लाग्रांज स्वतःहून लढाईवर गेला होता. तो ९ जूनला मारला गेला. नंतरच्या आठवड्यात सोम्यूरच्या घोडदळ शाळेतल्या कोवळ्या प्रशिक्षणार्थींनी जर्मनांना पूल ओलांडू न देण्यासाठी तीन दिवस झुंज दिली. मग शेर या ल्वारच्या उपनदीवरून फाळणीची रेघ गेली. शेरवर पुलासारखा उभा असलेला शनोंसोचा राजवाडा तुम्ही फोटोंत पाहिला असेल. त्याचं पुढचं दार जर्मनांच्या ताब्यात आणि नदीपलीकडे उघडणारं मागचं दार मोकळ्या भागात, अशी त्याची अवस्था झाली.

युद्धानंतर रजा वाढत गेली. १९५६ मध्ये तीन आठवडे, १९६९ मध्ये चार, १९८२ मध्ये पाच. पण तोवर मोटारी आल्या होत्या. ल्वारकाठची सायकल अडगळीत गेली. आणि १९८० च्या दशकात नदीच्या वरच्या अंगाला मोठी धरणं बांधायची योजना आली. लोक धरणाच्या जागेवरच तळ ठोकून बसले आणि वरचं मुख्य धरण रद्द झालं. १९९४ मध्ये सरकारने नदीला तिच्या स्वभावाप्रमाणे वाहू द्यायचं धोरण स्वीकारलं. वाळूची बेटं, त्यांवर घरटी करणारे पक्षी, हे सगळं आज दिसतं ते त्यामुळे. नदी पूर्णपणे रानटी आहे असं मात्र नाही. काठावर चार अणुवीज केंद्रं आहेत आणि त्यांचे मनोरे राजवाड्यांइतकेच लांबून दिसतात. त्याच दशकात दोन प्रांतांनी मिळून नव्वद-शंभर नव्हे, चांगल्या नऊशे किलोमीटरच्या सायकलमार्गाची आखणी हाती घेतली. ओस पडलेल्या बांधांना असं पुन्हा काम मिळालं.

घरी आल्यावर बाबांना फोन केला आणि हे सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. १९३६ च्या रजेपाशी त्यांनी थांबवलं.

"पंधरा दिवस? पगारी?"

"हो."

"मग गेले का ते?"

"गेले की. सहा लाख तर नुसते रेल्वेने."

बाबा म्हणाले, "छान केलं."

आपल्याकडे १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने कामगाराला वीस दिवस कामामागे एक दिवसाची भरपगारी रजा दिली. म्हणजे बाबांनाही रजा होती. पण त्यांना ती घेताना मी क्वचितच पाहिलं. ते साठवायचे. निवृत्तीच्या वेळी त्या शिल्लक रजेचे पैसे आले, आणि त्याच वर्षी मला परदेशात एम.एस.ला प्रवेश मिळाला. पहिल्या सत्राची फी त्या पैशांतून भरली गेली. हे मला माहीत होतं. पण फीच्या त्या आकड्यात बाबांचे किती उन्हाळे होते, याचा हिशेब मी ल्वारच्या बांधावर बसेपर्यंत केला नव्हता.

आपल्यापैकी किती जणांच्या रजा दर डिसेंबरला वाया जातात, मंडळाच्या पिकनिकला 'रिलीज आहे' म्हणून कोण कोण येत नाही, हे मला माहीत आहे. त्या यादीत माझं नाव वर असतं. यंदा रजेचा अर्ज आधीच भरून ठेवला आहे.

फोन ठेवता ठेवता बाबांनी शेवटचा प्रश्न विचारला, "पंक्चर किती झाले?"

"दोन."

"स्वतः काढलेस?"

"एक मी. एक धाकट्याने."

"मग जमलं," ते म्हणाले. "पुढच्या खेपेला पंप मात्र चांगला ने."