दंडावरचा वण आणि फोनमधला दाखला

वाचकहो, तुमच्या घरात साठीच्या पुढचे कोणी वडीलधारे असतील, तर त्यांचा दंड एकदा पाहा. नाण्याएवढा, जरा खोलगट असा एक वण दिसेल. ती देवीची खूण. मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवी टोचली. आपल्या देशातली ती पहिली. पुढे पावणेदोनशे वर्षे ही खूण लोकांच्या अंगावर उमटत राहिली. तिचा एक मोठा गुण असा, की तिला कागद लागत नव्हता. वण असला म्हणजे टोचले, नसला तर टोचा. इतका सरळ हिशेब पुन्हा कुठल्याच लशीच्या वाट्याला आला नाही.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि तिथून पुण्यात शिरला. डॉ. हाफकिन यांनी मुंबईत त्यावर लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. पण या लशीचा वण राहत नसे. मग टोचलेला कोण आणि न टोचलेला कोण, हे ओळखायचे कसे? इथे कागद आला. टोचून घेतलेल्याला दाखला मिळू लागला आणि तो जवळ असला, की सक्तीच्या विलगीकरणातून सूट मिळू लागली. लोकांना रोगाइतकीच त्या विलगीकरणाची धास्ती होती, तेव्हा दाखल्याला काय मोल आले असेल, ते सांगायला नको.

नोंदीचा खरा उपयोग मात्र एका दुर्दैवी प्रसंगी कळला. १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातील मलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचली, आणि त्यांतले १९ जण धनुर्वाताने दगावले. सगळा ठपका हाफकिन यांच्यावर आला. पण त्या दिवशी पाच बाटल्या उघडल्या होत्या, आणि कोणाला कोणत्या बाटलीतली लस दिली, याची नोंद होती. एकोणीसच्या एकोणीस माणसे एकाच बाटलीतली निघाली. तेव्हा प्रश्न एवढाच उरला, की ती बाटली मुंबईत बिघडली की गावात उघडताना? अखेर १९०७ साली हाफकिन निर्दोष ठरले. बाटलीचा आकडा कोणी टिपला नसता, तर हे शोधायला जागाच नव्हती. आपल्या करोनाच्या दाखल्यावर लशीचा बॅच क्रमांक छापलेला होता, तो याचसाठी. आपण तो कधी वाचला नाही, ही गोष्ट वेगळी!

आता नोंद फसते कशी, तेही पाहू. १९६२ साली देशात देवी निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम निघाली. तीन वर्षांत शंभरातल्या ऐंशी माणसांना टोचायचे, असा बेत होता. कागदावर आकडे भराभर वाढले, देवी मात्र हटेना. मग तपासनीस गावोगाव जाऊन लोकांच्या बाह्या वर करून वण मोजू लागले, तेव्हा उलगडा झाला. शाळेतली मुले एका ठिकाणी आयती सापडत, म्हणून तीच पुन्हापुन्हा टोचली जात होती. आणि अंगावरची पोरे, मजुरीला फिरणारी माणसे तशीच राहत होती. वहीत टोचण्या मोजल्या होत्या, माणसे मोजलीच नव्हती. १९७३ पासून पद्धत पालटली. देवी आलेल्या मुलाचे चित्र हातात घेऊन कार्यकर्ते घरोघर विचारू लागले, रोगी सापडला की त्याच्याभोवतालची सगळी माणसे टोचू लागले. १९७५ च्या मे महिन्यात देशातला शेवटचा रोगी सापडला.

इंदापूरकरांना तरी हा धडा नवा वाटू नये. १८३० च्या सुमारास प्रिंगल साहेबांची जमीन मोजणी तुमच्याच तालुक्यात लागू झाली. मातीचा कस, उत्पन्न, खर्च यांचे तक्ते मोठे रेखीव होते. पण खालच्या नोंदी खोट्या होत्या, आणि आकारणी इतकी चढली, की कुळे गाव सोडून गेली, शेते पड राहिली. १८३५ साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी शेतावर जाऊन सगळे पुन्हा पाहिले, साधी प्रतवारी लावली, आकार उतरवला. तीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली. तक्ता रेखीव आहे म्हणून तो खरा असतोच, असे नाही.

१६ जानेवारी २०२१ रोजी करोनाचे लसीकरण सुरू झाले, आणि त्याबरोबर ‘कोविन’ ही संगणकीय नोंदवही. लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेली. पण बारामतीच्या माणसाला ती घ्यायची, तर नाव आधी या वहीत चढायला हवे. पहिल्याच दिवशी महाराष्ट्रात यंत्रणा अडखळली. १ मेपासून अठरा वर्षांवरच्यांना लस खुली झाली, ती अशा अटीवर, की आधी फोनवरून वेळ ठरवायची. ज्याचा फोन चांगला, बोट चपळ, त्याला जागा मिळे. शहरातली माणसे मोटारी काढून खेडेगावच्या केंद्रांवर जात, आणि गावचा माणूस दारात उभा राहून बघत राही. वही सर्वांना सारखीच होती, हे कबूल. पण तिच्यापर्यंत पोचायची वाट सारखी नव्हती. ३१ मे २०२१ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानेही याच गोष्टीवर बोट ठेवले. तोवर, २४ मेपासून, सरकारी केंद्रांवर थेट नोंदणीची सोय झाली होती.

आणि गंमत पाहा. १३ जूनपर्यंत कोविनमध्ये नोंदलेल्या २४.८४ कोटी मात्रांपैकी सुमारे ८० टक्के मात्रा थेट केंद्रावर आलेल्या माणसांना दिलेल्या होत्या. म्हणजे यंत्र चालले, ते टेबलामागे बसून नाव विचारणाऱ्या, आधार क्रमांक टिपणाऱ्या माणसाच्या बळावर.

खोट्या नोंदी इथेही झाल्या. वेळ ठरवून जो केंद्रावर गेलाच नाही, त्यालाही ‘आपले लसीकरण झाले’ असा संदेश येई. मग ८ मेपासून चार अंकी गुप्त आकडा विचारण्याची पद्धत आली. दुखणे १९६२ चेच होते. औषध तेवढे नवे.

तरीही या वहीचा एक गुण मला फार मोठा वाटतो. ती गावाला बांधलेली नव्हती. दिवाळीच्या सुमारास बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वर, बिजवडी इथल्या कारखान्यांच्या फडांवर उतरतात आणि पट्टा पडेपर्यंत राहतात. कोविशील्डच्या दोन मात्रांमधले अंतर मे २०२१ मध्ये १२ ते १६ आठवडे केले गेले. सप्टेंबरात आपल्या गावी पहिली मात्रा घेतलेल्या मजुराची दुसरी पाळी येणार, ती फडावर. कागदी वही असती, तर ती बीडला राहिली असती आणि माणूस इंदापुरात. फोनचा क्रमांक सांगितला, की ही वही कोणत्याही केंद्रावर उघडत होती. मात्र तो फोन बहुधा मुकादमाचा किंवा थोरल्या भावाचा असे. एका क्रमांकावर प्रथम चारच नावे बसत, जानेवारी २०२२ पासून सहा झाली. टोळी केवढी असते, ते तुम्हांला ठाऊकच आहे.

आणि जो पहिल्या मात्रेलाही आला नाही, त्याचे नाव या वहीत कुठून असणार? ती यादी आशाताईंच्या पिशवीतल्या वहीत होती. कोणत्या घरात म्हातारी अंथरुणाला खिळलेली आहे, कोण मेंढरे घेऊन कोकणात उतरले आहे, उजनीच्या काठावर कोणत्या पालात नवी माणसे आली आहेत, हे तिलाच माहीत. ऑक्टोबर २०२१ मध्ये राज्याने ‘मिशन कवच कुंडल’ आणि नोव्हेंबरात केंद्राने ‘हर घर दस्तक’ ही मोहीम काढली, ती याच उरलेल्या माणसांसाठी. १९७३ सालचे घरोघर फिरणे पुन्हा सुरू झाले. फक्त हातात चित्राऐवजी फोन होता.

२०२३ पासून बालकांच्या लसींसाठी ‘यूविन’ नावाची तशीच नोंदवही काही जिल्ह्यांत सुरू झाली. तेव्हा गुरुजी, हंगामात तुमच्या शाळेत फडावरची चार पोरे येऊन बसतील, त्यांच्या पाठीशी धाकटी भावंडेही असतील. त्यांच्या आईला लशीचे कार्ड विचारा. कार्ड गावीच राहिले असेल, तर कोणत्या फोनवरून नाव नोंदले होते तेवढे विचारा, आणि तो क्रमांक आशाताईंना द्या.