गाव कुठलं?

उठा, रस्ता ओलांडायचाय. हे 1988 सालचं बोरिवली. हॉटेलात तळणीचा धूर, कपबशांचा खणखणाट, बाहेर रिक्षांचे भोंगे. तुमच्याजवळच बसलंय एक तरुण डॉक्टर जोडपं, भरत आणि स्मिता वाटवानी, दोघंही मनोविकारतज्ज्ञ. समोर एक हडकुळा, जटा वाढलेला तरुण गटारापाशी वाकतो, करवंटीत पाणी भरतो आणि पितो. तुमच्या घशाशी येतं. ते दोघं मात्र त्याच्याकडे निघालेत.

त्याला ते आपल्या छोट्या नर्सिंग होममध्ये नेतात. औषधांनी तो सावरतो, बोलू लागतो. आणि ऐकणारे थक्क होतात: हा बीएस्सी झालाय, लॅबमधलं शिक्षण घेतलंय, वडील आंध्रात जिल्हा परिषदेत नोकरीला. घरचे त्याला शोधतायत!

आता डोळे मिटा. उघडा. अंग घामानं चिंब, पाऊस आज येईल की उद्या अशी तलखी. कर्जतजवळचं वेणगाव. 2006 पासून इथं त्याच वाटवानींच्या 'श्रद्धा' संस्थेचं केंद्र आहे, रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांसाठी. तुम्ही नुकतेच डॉक्टर झालायत असं धरू या. गळ्यात नवाकोरा स्टेथोस्कोप आहे. तो खिशात ठेवा. आधी कात्री लागेल.

खालापूरकडच्या हायवेवरून आणलेला एक माणूस तुमच्यासमोर बसवलाय. घाम, लघवी, कुजलेलं कापड यांचा वास नाकात शिरतो तो संध्याकाळपर्यंत जात नाही. केसांच्या गठ्ठ्यात उवा वळवळतायत. कुणी बादलीनं पाणी ओततंय, कुणी साबण चोळतंय, तो ओरडतोय, तुमचा शर्ट भिजलाय. पायाची जखम धुताना तो तुमचं मनगट धरतो. जोरात. सोडवू नका.

मग वरणभात. मग गोळ्या. मग नुसती वाट पाहणं, आणि मला विचाराल तर या कामातलं सगळ्यात अवघड हेच. रोज सकाळी तुम्ही त्याच्या खाटेशी बसता आणि तेच विचारता, "दादा, गाव कुठलं?" तो भिंतीकडे बघतो. पत्र्यावर पाऊस ताशासारखा वाजू लागतो. भातखाचरं भरतात, रोपं लावून होतात. तो स्वतःशी पुटपुटणं थांबवतो, रात्री झोपतो, ताट स्वतः धुतो. आणि एका सकाळी, तुम्ही विचारायच्या आधीच, "कुर्डुवाडी."

इतकंच. पण तुमच्या हातातला चहा हिंदकळतो. परीक्षेचा निकाल लागला तेव्हाही छातीत असं धडधडलं नव्हतं.

कर्जत स्टेशन. "वडापाऽव, गरम वडाऽ" करत पोरं खिडक्यांशी धावतायत, लसणीच्या चटणीचा वास फलाटभर. घाट चढायचा म्हणून गाडीला मागून इंजिनं जोडतायत; दणका बसतो, डबे खडखडतात. तो खिडकीशी बसलाय. दाढी केलेली, मांडीवर औषधांची पिशवी, शेजारी सोबतीला कार्यकर्ता. गोळ्या कधी घ्यायच्या ते तुम्ही तिसऱ्यांदा सांगता. तो मान हलवतो. वडापावचा कागद सोडतो, पण खात नाही. गजांतून तुमच्याकडे बघतो.

"डॉक्टर, तुमचं गाव कुठलं?"